आयसीपीमध्ये नमुना प्लाझ्मापर्यंत नीट कसा पोचवावा

पुण्यात मुठेच्या पाण्यातील धातू आयसीपीवर (अतितप्त वायूच्या, म्हणजे प्लाझ्माच्या, झोतात नमुना सोडून त्यातील धातू मोजणारे उपकरण) मोजताना आधी लक्ष द्यावे ते प्लाझ्मापेक्षा नमुना आत नेणाऱ्या वाटेकडे. कारण नेब्युलायझरने (द्रवाचे बारीक तुषार करणारा भाग) उडवलेल्या फवाऱ्यापैकी साधारण १ ते २ टक्केच द्रव प्लाझ्मात पोचतो आणि बाकीचा स्प्रे चेंबरमधून (मोठे थेंब वेगळे करणारी कुपी) निचऱ्याला जातो.

पावसाळ्यात हे पाणी गढूळ असते. फक्त विरघळलेले धातू हवे असतील, तर नमुना ०.४५ मायक्रोमीटरच्या गाळणीतून आधी गाळावा आणि मगच त्यात नायट्रिक आम्ल घालावे. हा क्रम उलटला, तर गाळाला चिकटलेले धातूही पाण्यात उतरतात आणि आकडा फुगतो.

प्लाझ्मा पेटल्यावर अर्धा तास थांबावे. तेवढ्या वेळात नमुना ओढणाऱ्या पंपाची नळी तपासावी: तिचे टोक क्षणभर पाण्याबाहेर काढून हवेचा एक बुडबुडा आत घ्यावा. तो एकसारखा सरकला तर ठीक. अडखळत, मागेपुढे होत गेला, तर नळी दाबून धरणाऱ्या क्लॅम्पचा दाब किंचित वाढवावा किंवा चपटी झालेली नळी सरळ बदलावी (नळीत काटकसर करणे मला कधीच पटलेले नाही). निचऱ्याची नळीही वाहती हवी, कारण चेंबरमध्ये पाणी साचले की प्लाझ्मा विझू शकतो.

काचेचा नेब्युलायझर तुंबल्यास त्यात तार घालू नये, अल्ट्रासॉनिक बाथमध्येही ठेवू नये; टोकाकडून उलट दिशेने पाणी दाबून कण बाहेर काढावा. हायड्रोफ्लोरिक आम्ल असलेला नमुना मात्र काचेच्या वाटेने मुळीच नेऊ नये, कारण ते आम्ल काच खाते.