डिंकीच्या मॉरिस ऑक्सफर्डला नवे टायर

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या एका खेळणी-बाजारात डिंकी या ब्रँडची छोटी धातूची खेळण्यातली गाडी, मॉरिस ऑक्सफर्ड मिळाली. लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मेकॅनो या खेळणी कंपनीच्या कारखान्यात बनलेली. तळाला ४० जी हा मॉडेल क्रमांक आहे. १९५४ मध्ये तो बदलून १५९ झाला, म्हणजे माझी त्याआधीची. खरी मॉरिस आपल्याकडे 'हिंदुस्थान १४' नावाने धावायची, म्हणून जीव जडला.

चारही टायर मात्र दगडासारखे कडक, चिरलेले, चाकाला चिकटलेले. आधी भिंगाने बॉडी तपासली. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या डिंकीत जस्ताच्या मिश्रधातूत शिसं मिसळलेलं असलं की धातू फुगून तडकतो, त्याला इलाज नाही. ही गाडी नंतरची आणि ठणठणीत निघाली.

पहिला टायर चाकूने काढायला गेलो आणि चाकाच्या रंगावर ओरखडा उठला. तो अजून डाचतो. मग चाकू ठेवून लाकडी टूथपिक घेतली, चिरेत घालून हळूहळू तुकडे सोडवले. दोन संध्याकाळी गेल्या. आसाची टोकं ठोकून पसरवलेली असतात, ती मुळीच उघडायची नाहीत. गंजाला सुईच्या टोकाने शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरला.

चाकाचा व्यास व्हर्नियरने मोजून नवे रबरी टायर मागवले. ते गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवल्यावर अलगद चढले. बॉडी रंगवली नाही. मूळ रंग, टवके उडाले असले तरी, मला नव्यापेक्षा मोलाचा वाटतो. जुन्या टायरचे तुकडे डबीत ठेवलेत.