जुने लाकडी खेळण्यातले प्राणी ओळखताना या चुका टाळा

फोटो पाठवून लोक विचारतात, "ही दुर्मीळ आवृत्ती आहे ना?" बहुतेक वेळा ती कुणाची तरी जुनी डागडुजी निघते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे डोळे बघून निकाल लावणं. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या शोनहट या खेळण्यांच्या कंपनीने १९०३ मध्ये 'हम्प्टी डम्प्टी सर्कस' ही लाकडी प्राण्यांची खेळण्यातली सर्कस बाजारात आणली. सुरुवातीच्या प्राण्यांना काचेचे डोळे, नंतरच्यांना रंगवलेले. नियम बरोबर आहे, म्हणूनच घात करतो; काच दिसली की माणूस पुढे बघतच नाही.

मीही नाही बघितलं. काचेच्या डोळ्यांचा आणि जाड कापडी कानांचा एक हत्ती मिळाला. शोनहटच्या हत्तीचे कान चामड्याचे, म्हणजे हा नक्कीच वेगळा प्रकार, असं ठरवून मी दुप्पट पैसे मोजले आणि चार जणांना सांगूनही टाकलं. काही महिन्यांनी भिंग घेऊन बसलो. कानाच्या खाचेत सुई फिरवली, तर आतून काळं, कडक झालेलं चामड्याचं तूस निघालं. मग डोळ्याकडे वळलो. काचेच्या मण्याभोवती रंग उडाला होता आणि त्याच्या कडेला जुन्या रंगवलेल्या डोळ्याची चंद्रकोर अजून शिल्लक होती. कुणीतरी भोक पाडून काच बसवली होती. विकणाऱ्याला दोष देत नाही, घाई माझी होती.

तेव्हापासून डोळे मी सर्वांत शेवटी बघतो. आधी तळपाय, मग खाचा, मग पायांच्या सांध्यांच्या आतल्या बाजू. तिथे मुलांचा हात पोचत नाही, त्यामुळे मूळ रंग टिकतो. पाठीवरचा आणि सांध्यातला रंग जुळत नसेल, तर आधी पुन्हा रंगवल्याचा संशय घ्यावा, नव्या प्रकाराचा नाही. पाय-डोकं जोडून ठेवणारं आतलं इलास्टिक नवं असेल तर मात्र बिचकू नका. ते सैल पडतंच आणि बदलावंच लागतं.

आकार लहान म्हणून "हे पिल्लू" म्हणू नका. शोनहटने १९२० च्या दशकात लहान मापाचे प्राणीही काढले.

जर्मनीतल्या झायफेन या लाकडी खेळण्यांच्या गावच्या प्राण्यांबाबत गोंधळ उलटा होतो. दोन गाई हुबेहूब नाहीत म्हणून लोक त्यांना दोन वेगळे नमुने ठरवतात. तिथे ओल्या लाकडाची चकती लेथवर कातून तिचं कडं असं बनवत की त्या कड्याच्या छेदातच गाईची आकृती उतरे. मग कडं पाचरींसारखं फोडायचं आणि एकेक तुकडा चाकूने तासायचा. एकाच कड्यातल्या दोन गाईंची शिंगंसुद्धा जुळत नाहीत, आणि तो फरक हाताचा असतो, नमुन्याचा नाही. वरून बघा, पाचरीचा आकार कळतो: एक टोक रुंद, दुसरं निमुळतं. लाकडाचे तंतू पायांतून उभे वर जातात. ते आडवे दिसले, तर तो प्राणी कड्यातून निघालेला नाही.

ओल्या फडक्याने पुसून "नीट दिसावं म्हणून" फोटो पाठवणाऱ्यांना मी आता उत्तरच देत नाही. जे बघायचं होतं ते फडक्यावर गेलेलं असतं.