एकाच किमतीच्या दोन लॅपटॉपांची तुलना कशी करावी

दुकानात शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन लॅपटॉपांवर ‘रायझन ५’ असे एकच लेबल असते, दोन्हींत ८ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी असते, आणि मग विक्रेता रंगाविषयी बोलू लागतो. अशा वेळी प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक विचारावा. ७५२०यू आणि ७५३०यू यांत फरक एकाच आकड्याचा असला, तरी रायझन बनवणाऱ्या एएमडी कंपनीच्या या मालिकेत तिसरा आकडा मूळ रचनेची पिढी दाखवतो. त्यामुळे २०२२ साली आलेल्या ७५२०यूमध्ये २०१९ सालची झेन २ रचना व चार कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) मिळतात, तर ७५३०यूमध्ये झेन ३ व सहा कोअर. इंटेलच्या बाबतीत निव्वळ कोअर मोजणे फसवे ठरते. आय५-१२३५यूमध्ये दहा कोअर असले, तरी त्यांतले वेगवान दोनच असतात. आय५-१२४५०एचमध्ये आठांपैकी चार वेगवान असतात, मात्र तो वीजही जास्त खातो. व्हिडिओ संपादनासारखे जड काम असेल तर क्रमांकाच्या शेवटी ‘एच’ असलेला आणि दिवसभर चार्जरशिवाय फिरायचे असेल तर ‘यू’ असलेला प्रोसेसर, असा माझा कल असतो.

त्यानंतर, पुढे बदलता न येणारे भाग आधी पाहावेत. ७५२०यूसोबतची रॅम बोर्डावरच जडलेली असते, म्हणून तिथे ८ जीबी घेतली की ती कायमची ८ जीबीच. इतर लॅपटॉपांवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि परफॉर्मन्समधील मेमरी या भागात ‘फॉर्म फॅक्टर’समोर काय लिहिले आहे ते वाचावे. तेथे ‘एसओडिम’ असल्यास रॅम खाचेत बसवलेली असते. ‘रो ऑफ चिप्स’ असल्यास बहुधा जडलेली. एसएसडी बहुतेक लॅपटॉपांत नंतर बदलता येते, तेव्हा तिच्यावर फार अडून बसू नये. (५१२ जीबीच्या जागी विंडोज ४७६ दाखवते, तो केवळ मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे.)

पडद्याबाबत तडजोड करू नये, असे माझे ठाम मत आहे. पेन ड्राइव्हवर घरच्या लग्नातला एखादा फोटो न्यावा, दोन्ही पडद्यांची प्रखरता पूर्ण वाढवून तो उघडावा आणि शालूचा लाल रंग पाहावा. एनटीएससी आणि एसआरजीबी ही पडदा किती रंग दाखवू शकतो याची मापे आहेत. ‘४५ टक्के एनटीएससी’ असलेल्या पडद्यावर तो विटकरी दिसतो, ‘१०० टक्के एसआरजीबी’ असलेल्या पडद्यावर भरलेला. बॅटरीची तुलना जाहिरातीतल्या तासांवरून न करता वॉट-तासांवरून (बॅटरीत किती वीज साठते, याच्या मापावरून) करावी.

एकाच नावाच्या लॅपटॉपाचे वेगवेगळ्या पडद्यांचे आणि रॅमचे प्रकार विकले जातात. म्हणून पैसे देण्यापूर्वी खोक्यावरचा पूर्ण मॉडेल क्रमांक पाहिलेल्या यंत्राशी ताडून घ्यावा आणि तोच बिलावर लिहून घ्यावा.