उन्हाळ्यातल्या संशोधनाचा अर्ज दिवाळीतच भरा

मी वसमतची. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी, मार्चमध्ये, समर फेलोशिप, म्हणजे उन्हाळ्यात विद्यावेतन घेऊन संशोधन संस्थेत काम करायची संधी, कशी मिळते ते शोधायला बसले, तर सगळ्या मुदती कधीच उलटून गेलेल्या. म्हणून पहिलं सांगणं हेच, की फराळाचा डबा उघडला की अर्जाचंही बघा. बेंगळुरूच्या विज्ञान अकादमीचे अर्ज दिवाळीच्या आगंमागं सुरू असतात. मुंबईची मूलभूत संशोधनाची संस्था टीआयएफआर, पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या आयुका आणि एनसीआरए या संस्था यांचं साधारण त्यानंतर, नवीन वर्षाच्या तोंडावर. मुंबईच्या होमी भाभा केंद्राचा नियस, म्हणजे पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचा विज्ञान उपक्रम, मात्र पहिल्या वर्षापासूनच बघून ठेवा.

अकादमीला सरांचं शिफारसपत्र लागतं आणि खरी गाडी इथंच अडते. आमचे सर तेव्हा लेकीच्या लग्नाच्या गडबडीत होते. मी पंधरा दिवस आधी गेले म्हणून निभावलं. नुसतं ‘पत्र द्या’ म्हणू नका. कोणते प्रयोग केले, कुठं अडलात, ते कागदावर लिहून न्या.

मग ‘तुम्हाला हे का करायचंय’ हे लिहायचं असतं. लहानपणापासून ताऱ्यांची ओढ वगैरे मीही आधी लिहिलं होतं. ते खोडलं आणि प्रॅक्टिकलची गोष्ट लिहिली. न्यूटनच्या वलयांवरून (भिंग सपाट काचेवर ठेवलं की दिसणारी गोल वलयं) सोडियमच्या प्रकाशाची तरंगलांबी काढायची होती. यायला पाहिजे ५८९ नॅनोमीटर. माझी कधी ५४०, कधी ६५०. जुन्या जर्नलमधून आकडे उतरवायची सोय होतीच, सगळेच उतरवतात. पण वलयं मोजायच्या सरकत्या, म्हणजे ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपचा स्क्रू मी एका वलयाला पुढं, दुसऱ्याला मागं असा फिरवत होते. दिशा बदलली की तो थोडा मोकळाच फिरतो, मायक्रोस्कोप जागचा हलत नाही. मग डावीकडच्या विसाव्या वलयापासून निघून एकाच दिशेनं उजवीकडं गेले. व्यासाच्या वर्गांचा आलेख सरळ आला, उत्तर ५९४. एवढंच सहा ओळींत लिहिलं. फेलोशिपच्या पहिल्या दिवशी गाईडनी विचारलं ते त्या स्क्रूबद्दलच.

थेट प्राध्यापकांना मेल करणार असाल तर चाळीस जणांना एकच मजकूर पाठवू नका. मी पाठवला होता. एका मॅडमना ‘डियर सर’ गेलं. गुरुत्वीय लहरींत (अवकाशातल्या प्रचंड घटनांमुळं अवकाश-काळात उठणाऱ्या तरंगांत) रस असेल तर त्यांच्या १४ सप्टेंबर २०१५ च्या पहिल्या नोंदीचा डेटा फुकट मिळतो, गूगल कोलॅबवर, म्हणजे ब्राउझरमध्येच प्रोग्राम चालवायच्या सोयीवर, चालतो. या लहरी टिपणाऱ्या लायगो वेधशाळेच्या अमेरिकेतल्या दोन केंद्रांच्या, लिव्हिंगस्टन आणि हॅनफर्डच्या, नोंदींमधला वेळेचा सुमारे ७ मिलिसेकंदांचा फरक स्वतः काढा आणि तो आलेख मेलला जोडा. आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या औंढ्याला भारतातल्या लायगोच्या ४-४ किलोमीटरच्या दोन भुजा उभ्या राहणार आणि आपली पोरं त्या एसटीतून बघणार, असं नको.

आपल्याकडं परीक्षा लांबतात. निवड झाली की लगेच वेळापत्रक कळवा. गाईडसोबत एकट्यानं काम असेल तर रुजू व्हायची तारीख बहुतेक पुढं सरकते. सगळ्यांची एकत्र व्याख्यानं असतात तिथं अवघड जातं.

आणि पैसे. विद्यावेतन मिळतं, पण माझ्या हातात ते शेवटी आलं. मेसची आगाऊ रक्कम, खोलीचं डिपॉझिट, सगळं आधी घरून. ‘दोन महिने तिथं काय करायलीस, आन् पैसे त्यांनी द्यायचे का आपण?’ बाबांनी विचारलं. हळद नुकतीच मोंढ्यावर गेली होती म्हणून जमलं. तुम्ही घरी जानेवारीतच बोलून ठेवा.