किवी आंबटच लागतं? पिकवताना आणि खाताना या चुका टाळा

‘किवी म्हणजे आंबटढाण’ असं म्हणणाऱ्या बहुतेकांनी ते कच्चंच खाल्लेलं असतं. किवी झाडावरून कडक असतानाच काढतात. तेव्हा त्यात पिष्ट भरपूर असतं. त्याची साखर नंतर, फळ मऊ होताना होते. म्हणून दगडासारखं फळ आणल्या दिवशी कापू नका.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कडक किवी थेट फ्रिजमध्ये टाकणं. थंडीत पिकणं जवळजवळ थांबतं, आठवड्यांनीही फळ तसंच राहतं. आंब्यासारखी छोटी अढी लावा: चार-सहा किवी, सोबत एक पिकलेलं केळं किंवा सफरचंद, कागदी पिशवीत घालून तोंड दुमडायचं आणि ओट्याच्या सावलीतल्या कोपऱ्यात ठेवायचं. केळ्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने साधारण दोन ते चार दिवसांत किवी पिकतं. प्लॅस्टिकची पिशवी नको. आत घाम धरतो आणि बुरशी येते. उन्हातही नको.

दुसऱ्या दिवसापासून रोज तपासा. रंगावरून काही कळत नाही, साल कच्च्यातही तपकिरीच असते. फळ तळहातावर घेऊन देठाच्या बाजूला अंगठ्याने हलकं दाबा. किंचित दबलं की तयार. पचपचीत लागलं, आंबूस दारूसारखा वास आला, तर वेळ टळली. तयार फळं आता फ्रिजमध्ये, पण सफरचंदांपासून लांब. चार-पाच दिवसांत संपवा.

सुरकुतलेलं कडक फळ मात्र घेऊच नका. त्यातलं पाणी उडालेलं असतं. अढीत ते मऊ झालं तरी गोड होईलच असं नाही.

दुधात किंवा दह्यात न शिजवलेल्या किवीच्या फोडी घालून ठेवल्या की थोड्या वेळाने कडवटपणा येतो. किवीतलं ॲक्टिनिडिन हे विकर (एन्झाइम) दुधातली प्रथिनं तोडतं. फ्रूट सॅलडमध्ये फोडी वाढायच्या क्षणी घाला. जिलेटिनची जेलीही याच विकरामुळे जमत नाही. चायना ग्रास वापरा, किंवा फोडी पाकात दोन-तीन मिनिटं उकळून गार करून घाला. मिक्सर अगदी थोडा फिरवा, काळ्या बिया भरडल्या की रस कडू होतो.

जीभ थोडी चुरचुरणं कच्च्या फळात होतं. पण ओठ सुजले, घशाला खाज सुटली तर ती ॲलर्जी असू शकते. खाणं थांबवा, डॉक्टरांना दाखवा. श्वास लागला तर लगेच दवाखाना गाठा. रबरी हातमोज्यांची ॲलर्जी असलेल्यांना किवीचीही असू शकते.