विकिपीडियावर स्त्री कलावंतांविषयी लिहिताना: कलाशाखेच्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन

कलामहाविद्यालयातील विद्यार्थ्यांना मराठी विकिपीडियावर चित्रकर्ती आणि स्त्री शिल्पकार यांच्याविषयी लिहायचे असेल, तर कामाचा पहिला आठवडा त्यांनी ग्रंथालयात घालवावा. सदस्य खाते उघडणे, देवनागरी टंकलेखन आणि दुवे देणे या गोष्टी एका दुपारी शिकून होतात. परंतु लेख टिकतो तो संदर्भांवर, आणि स्त्री कलावंतांच्या बाबतीत हे संदर्भ विखुरलेले, पुष्कळदा दुसऱ्याच कोणाच्या नावाखाली दडलेले असतात. अंबिका धुरंधर (१९१२–२००९) यांची माहिती शोधताना त्यांचे चित्रकार वडील रावबहादूर म. वि. धुरंधर यांच्यावरील लेखनच आधी हाती येते. अँजेला त्रिंदाद (१९०९–१९८०) यांच्या बाबतीतही त्यांचे चित्रकार वडील अंतोनियो शावियेर त्रिंदाद यांचे नाव आधी पुढे येते. म्हणून वडिलांवरील, पतीवरील आणि गुरूंवरील लेखन चाळून त्यातील त्या स्त्रीचे उल्लेख पृष्ठक्रमांकासह टिपून ठेवावेत. विवाहापूर्वीचे आणि नंतरचे नाव, तसेच ‘त्रिंदाद’, ‘ट्रिनिडाड’, ‘त्रिंदादे’ यांसारखी नावाची सगळी लेखनरूपे शोधावीत, आणि लेख तयार झाल्यावर त्या प्रत्येक रूपाचे पुनर्निर्देशन करावे, म्हणजे वाचक कोणतेही रूप टंकून त्याच लेखावर पोहोचेल.

संदर्भ कोणता चालतो याची कसोटी अशी, की तो प्रकाशित असावा आणि त्या कलावंतापासून स्वतंत्र असावा. कोशातील नोंद, संग्रहालयाचे प्रकाशन, वृत्तपत्रातील कलासमीक्षा आणि प्रदर्शनाची जुनी सूची यांचा आधार भक्कम ठरतो. महाराष्ट्रातील कलावंतांसाठी शिल्पकार चरित्रकोशाचा दृश्यकला खंड आणि मराठी विश्वकोश येथून सुरुवात करणे सोयीचे पडते. गोव्याशी नाते असलेल्या त्रिंदाद यांच्यासाठी पणजीतील फुंदासांव ओरिएंत या संस्थेकडील त्रिंदाद संग्रह पाहावा. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ साली स्थापन झाली, आणि तिच्या वार्षिक प्रदर्शनांच्या सूचींत पारितोषिके मिळवणाऱ्यांची नावे छापलेली असतात. अमृता शेरगिल यांच्या ‘तीन मुली’ या चित्राला १९३७ साली याच संस्थेचे सुवर्णपदक मिळाले, हे एक वाक्य संदर्भासह लेखात आले, तर ‘थोर’, ‘प्रतिभासंपन्न’ अशा दहा विशेषणांपेक्षा वाचकाला अधिक कळते. कलावंताचे आत्मकथन बालपण, शिक्षण अशा साध्या तपशिलांसाठी वापरता येते, परंतु तिच्या कामाचे मूल्यमापन त्यावरून करू नये. विक्रीसाठी चित्रे ठेवणाऱ्या दालनांची संकेतस्थळे मी शक्यतो टाळायला सांगतो, कारण तेथील मजकूर चित्र विकले जावे यासाठी लिहिलेला असतो. स्वतःच्या शिक्षिकेविषयी किंवा नातलगाविषयी विद्यार्थ्याने लेख लिहू नये; त्यांच्याविषयी काही सुचवायचे असेल, तर ते संबंधित लेखाच्या चर्चा पानावर मांडावे आणि निर्णय इतर संपादकांवर सोपवावा.

नवा लेख लिहिण्याचा मोह सर्वांनाच होतो, परंतु पहिले काम म्हणून अस्तित्वात असलेला एखादा त्रोटक लेख घ्यावा आणि त्यात संदर्भासह तीनच वाक्ये भरावीत, असा माझा आग्रह आहे. तीन वाक्ये नीट बसवताना संदर्भ देण्याची रीत, संपादनाचा सारांश आणि लेखाचा इतिहास यांची ओळख होते, आणि चूक झाली तरी ती लहान असते. नवा लेख मात्र आधी आपल्या धूळपाटीवर, म्हणजे सदस्याच्या सरावाच्या पानावर, लिहावा, दोन सहाध्यायांकडून वाचून घ्यावा, आणि प्रत्येक परिच्छेदाला संदर्भ आहे याची खात्री झाल्यावरच मुख्य नामविश्वात, म्हणजे विकिपीडियाच्या प्रत्यक्ष लेखांत, न्यावा.

लेखाचे पहिले वाक्य लिहिण्यास वेळ द्यावा, कारण ‘अमुक यांच्या कन्या’ किंवा ‘तमुक यांच्या पत्नी’ अशी सुरुवात झाली, की पुढचा सगळा लेख त्याच नात्याभोवती फिरू लागतो. बी. प्रभा यांच्याविषयी लिहायचे तर असे लिहिता येईल: ‘बी. प्रभा (१९३३–२००१) या भारतीय चित्रकर्ती होत्या. नागपूर आणि मुंबई येथे त्यांचे कलाशिक्षण झाले. लांबट देहयष्टीच्या कोळी व ग्रामीण स्त्रियांच्या तैलचित्रांसाठी त्या ओळखल्या जातात.’ शिल्पकार बी. विठ्ठल हे त्यांचे पती होते, ही माहिती जीवनविषयक विभागात यावी. पुरुष चित्रकाराला आडनावाने आणि स्त्रीला पहिल्या नावाने संबोधण्याची सवयही सोडावी. सूझा आणि हुसेन या चित्रकारांच्या शेजारी ‘अमृता’ न लिहिता ‘शेरगिल’ लिहावे. कोशातील वाक्ये जशीच्या तशी उचलू नयेत. मजकूर वाचून, पुस्तक मिटून, स्वतःच्या शब्दांत लिहावे. इंग्रजी लेखाचे यंत्राने केलेले भाषांतर चिकटवल्यास चुकीचे संदर्भही सोबत येतात, म्हणून तेथील प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून पाहिल्याखेरीज वापरू नये.

नाव नोंदले न गेलेल्या स्त्रियांचे काय, हा प्रश्न वारली चित्रकलेपाशी टोकदार होतो. लग्नाचा चौक, म्हणजे लग्नप्रसंगी भिंतीवर काढायचे चौकोनी विधिचित्र, लिहिणे हे परंपरेने सवाशिणींचे काम, आणि विधी सांगणाऱ्या धवलेरीही स्त्रियाच. परंतु १९७० नंतर ही कला कागदावर आणि कापडावर आली, तेव्हा जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्या पुरुष कलावंतांची नावे जगभर पोहोचली. भिंतीवर लिहिणाऱ्या त्या सवाशिणींची स्वतंत्र चरित्रे संदर्भाअभावी लिहिता येणार नाहीत. त्यांचे काम मात्र वारली चित्रकलेच्या मूळ लेखात, मानववंशशास्त्रज्ञांच्या आणि कला-अभ्यासकांच्या प्रकाशित नोंदींच्या आधारे, सविस्तर मांडता येते आणि मांडलेच पाहिजे. चौकातील पालघट देवीचे स्थान, तांदळाच्या पिठाचा रंग, चौक लिहिण्याचा प्रसंग आणि लिहिणाऱ्या स्त्रिया यांवर एक पूर्ण विभाग व्हावा.

चित्रे जोडताना स्वामित्वहक्काचा हिशेब आधी करावा. भारतात हा हक्क कलावंताच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो. शेरगिल १९४१ साली वारल्या, म्हणून त्यांच्या चित्रांवरील भारतातील हक्क २००१ च्या अखेरीस संपला, बी. प्रभा यांच्या चित्रांवरील हक्क २०६१ च्या अखेरपर्यंत राहील, त्यामुळे प्रदर्शनात मोबाइलने टिपलेले त्यांचे चित्र विकिमीडिया कॉमन्स या विकिपीडियाच्या मुक्त चित्रसंग्रहावर चढवता येत नाही. सार्वजनिक ठिकाणी कायमस्वरूपी उभ्या असलेल्या शिल्पाचे स्वतः काढलेले छायाचित्र भारतीय कायद्यानुसार चालते, आणि स्त्री शिल्पकारांवरील लेखांसाठी ही मोठी सोय आहे. भिंतीवर रंगवलेल्या चित्रांना मात्र ती सवलत नाही.

लेख प्रकाशित झाल्यावर ‘येथे काय जोडले आहे’ हे पान उघडावे; या लेखाकडे दुवे देणारे इतर लेख तेथे दिसतात. तेथे काहीच दिसत नसेल, तर त्या कलावंताचे शिक्षण जेथे झाले त्या संस्थेच्या, तिच्या गावाच्या आणि समकालीन चित्रकारांच्या लेखांतून दुवे द्यावेत. लेखाला वर्ग, म्हणजे विषयवार गट, देताना केवळ स्त्री चित्रकारांचा वर्ग देऊन थांबू नये, ‘भारतीय चित्रकार’ हा वर्गही द्यावा. इंग्रजी विकिपीडियावर २०१३ साली अमेरिकी कादंबरीकारांच्या मुख्य वर्गातून स्त्रियांची नावे काढून वेगळ्या उपवर्गात टाकली जात असल्याचे उघड झाले, तेव्हा मोठा वाद झाला होता. कोणी मजकूर वगळला, तर तो लगेच परत न टाकता चर्चा पानावर संदर्भासह कारण विचारावे. ज्या बाबींना संदर्भ मिळाला नाही त्या लेखात न घालता त्याच चर्चा पानावर, कोणकोणत्या सूची आणि अंक पाहून झाले यासह, नोंदवून ठेवाव्यात, म्हणजे पुढच्या वर्षीच्या तुकडीला शोध तेथून पुढे नेता येईल.