नव्या सरपंचांनी पहिल्या वर्षात काय सांभाळावं

मी सरपंच झालो तेव्हा गावात माझं नाव होतं ते चोख हिशेबासाठी. 12 वर्षं दूध सोसायटीचा सचिव होतो, एका रुपयाची तफावत कधी निघाली नाही. पाच वर्षांनी पायउतार झालो तेव्हा लोक माघारी जे बोलत होते ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि खोटंही नव्हतं. म्हणून नव्यानं निवडून आलेल्यांसाठी हे चार शब्द.

पहिलं काम अंगावरचा गुलाल निघायच्या आत करा. निवडणुकीत कुणाकुणाचे पैसे घेतले ते कागदावर मांडा, बायकोसमोर. मला एका ठेकेदार मित्रानं 1 लाख 40 हजार दिले होते, 'परत कसले मागतोय' म्हणत. खरंच मागितले नाहीत. आठ महिन्यांनी फक्त वस्तीवरच्या रस्त्याचं बिल सहीला आणलं. म्हैस विका, पण ठेकेदाराचं देणं आधी फेडा.

त्या रस्त्याचं काँक्रीट 6 इंचांचं धरलं होतं. मी कडेला पहार घालून उकरलं, पट्टी लावली, तर सव्वाचार. मोजमाप पुस्तकात मात्र 6. चेकवर ग्रामसेवकाची सही आधीच झालेली. दोघांच्या सह्यांशिवाय ग्रामनिधीतून पैसा निघत नाही, म्हणजे अडवायचं तर मीच. मी सही केली. हात थरथरला वगैरे काही नाही. चहा घेतला आणि गटारीच्या कामाचं बोलत बसलो. तुम्ही बिलाआधी टेप घेऊन कामावर जा, सोबत विरोधी पार्टीची दोन माणसं न्या. आपली माणसं नकोत, ती 6 इंचच मोजतात.

मी पैसे खाल्ले नाहीत म्हटलं तर कुणाला पटत नाही. मला दुसरी टर्म हवी होती, बस्स. त्यापायी ग्रामसभाच मारली. सभेला 15 टक्के किंवा 100 मतदार, जे कमी असेल तेवढे, लागतात. तेवढे आले नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. ही फट मला दुसऱ्या वर्षी सापडली. ऐन सुगीत भर दुपारी सभा लावायची, दवंडी पारापुरतीच, मग तहकूब सभेत आपली पंधरा टाळकी. विरोधक खोडा घालतात, गावाचं काम अडतं, अशी मनाची समजूत घालायची. (काही जण खोडा घालतही होते.) तुम्ही लोक रानातून आल्यावर सभा घ्या. ठराव तिथंच लिहा, वाचून दाखवा, आणि प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या नोंदवहीत, सह्यांच्या वर कोरी जागा सोडू नका. माझ्या वेळी त्या जागेत तीन ठराव मावले.

घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाका. पंचायतीच्या कामात सदस्याचा प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष हिस्सा निघाला तर 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 14 खाली पद जातं. मी भावाच्या ट्रॅक्टरनं मुरूम टाकला आणि बिल मेव्हण्याच्या नावे काढलं. तक्रार झाली नाही, म्हणून टिकलो.

दुसरी टर्म मिळाली नाही. तो रस्ता आमच्याच दारावरून जातो. तिसऱ्या पावसाळ्यात फुटला; दूधवाल्याचे कॅन रोज पहाटे साडेपाचला तिथंच आदळतात.